कृतज्ञता आणि संमती : पंडिता रमाबाईंच्या इंग्लंडमधील पत्रव्यवहारातील श्रद्धासंवाद

(१)

एकोणिसाव्या शतकातील मराठी माणसांच्या धर्मांतराची चर्चा आपल्याकडे बहुधा फलितापासून सुरू होते. बाप्तिस्मा झाला किंवा झाला नाही, समाजाने काय म्हटले, वृत्तपत्रांनी काय लिहिले, या क्रमाने ती पुढे जाते. त्यापूर्वी आणि त्यानंतर दोन माणसांमध्ये जो दीर्घ, बहुतेक वेळा खाजगी स्वरूपाचा संवाद झालेला असतो, तो मात्र अभ्यासविषय म्हणून क्वचितच पुढे येतो. पंडिता रमाबाईंच्या बाबतीत हा संवाद पत्ररूपाने शिल्लक आहे. शिक्षणासाठी परदेशी गेलेली एक मराठी विधवा, तिला आश्रय देणारी इंग्रज भगिनी आणि तिला शिकविणारी एक प्राचार्या यांच्यातील हा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांनी संपादित केला आणि महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये तो प्रसिद्ध केला. मूळ पत्रे इंग्रजीत असल्यामुळे मराठी वाङ्मयाच्या इतिहासाने त्यांची पुरेशी दखल घेतलेली नाही.

आपली श्रद्धा मित्राला देऊ करणाऱ्याच्याच घरी तो मित्र राहत असेल, त्याच्याच खर्चाने शिकत असेल, तर ‘नाही’ म्हणण्याचा त्याचा अधिकार कितपत शिल्लक राहतो, हा प्रश्न या पत्रव्यवहाराच्या मुळाशी आहे. कृतज्ञता आणि संमती या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या करण्याचा प्रयत्न रमाबाईंनी येथे केला. त्या प्रयत्नाचे स्वरूप आणि त्याच्या मर्यादा पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

(२)

रमाबाई २० एप्रिल १८८३ रोजी मुंबईहून निघाल्या. त्यांच्यासोबत दोन वर्षांची मनोरमा आणि आनंदीबाई भगत ही मैत्रीण होती. ‘स्त्रीधर्मनीति’ (१८८२) या पुस्तकाच्या उत्पन्नाचा प्रवासखर्चासाठी उपयोग झाला. उद्देश शिक्षणाचा होता; विशेषतः वैद्यकीय शिक्षण घेण्याची त्यांची इच्छा होती. कानांच्या दोषामुळे पुढे ती सोडून द्यावी लागली. इंग्लंडमध्ये वाँटेज येथील ‘कम्युनिटी ऑफ सेंट मेरी द व्हर्जिन’ या अँग्लिकन भगिनीसंघाने त्यांना ठेवून घेतले. या संघाचे पुण्यात केंद्र होते आणि रमाबाईंचा त्याच्याशी परिचय तेथेच झाला होता. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. त्याच वर्षी, त्याच ठिकाणी आनंदीबाई भगत यांचा आत्महत्येने मृत्यू झाला. या मृत्यूचे अर्थ अनेकांनी अनेक प्रकारे लावले. रमाबाईंच्या निर्णयाकडे पाहताना ही छाया दृष्टीआड करता येत नाही.

येथे एक गोष्ट लक्षात घेणे आवश्यक आहे. रमाबाईंना जे पटले ते केवळ वाँटेजच्या उपदेशाने पटले नाही. नीळकंठशास्त्री तथा फादर नेहेम्या गोरे यांच्या लेखनाचा आपल्यावर झालेला परिणाम त्यांनी स्वतः मान्य केला आहे. गोरे हे ‘षड्दर्शनदर्पणा’चे कर्ते, शास्त्रपरंपरेत वाढलेले चित्पावन ब्राह्मण. म्हणजे इंग्लंडमध्ये राहत असताना त्यांच्या बुद्धीशी बोलणारा आवाज एका मराठी शास्त्र्याचा होता. हृदयाशी बोलणारा प्रसंग मात्र लंडनचा. फुलहॅम येथे समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी भगिनींनी चालविलेले काम त्यांनी पाहिले, आणि हे लोक असे का वागतात, असा प्रश्न त्यांनी आपल्या शिक्षिका-भगिनीला विचारला. उत्तरादाखल त्या भगिनीने शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. पुढे १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत रमाबाईंनी हा प्रसंग नोंदविला आहे. प्रथम कृती दिसली, त्यानंतर विचारणाऱ्याने प्रश्न केला, आणि मग उत्तर आले, हा क्रम अर्थपूर्ण आहे. या संपूर्ण कालखंडात श्रद्धेचे वाटप सर्वांत सहजपणे झाले असेल तर ते येथे, कारण प्रश्नाचा आरंभ रमाबाईंकडून झाला होता.

(३)

बाप्तिस्म्यानंतर हा क्रम उलटला. प्रश्न विचारणे ही आता जिज्ञासा न ठरता अविनय ठरू लागली. १८८४ मध्ये रमाबाई चेल्टनहॅम लेडीज कॉलेजमध्ये गेल्या. तेथे त्या शिकत होत्या आणि संस्कृत शिकवीतही होत्या. तेथून वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, त्यातील वादाचे विषय वरवर पाहता विखुरलेले वाटतात. ख्रिस्ताचे ईश्वरत्व आणि त्रैक्य यांसंबंधीच्या शंका, अथानेशियसच्या नावाने प्रसिद्ध असलेला विश्वासांगिकार, मांसाहार न करण्याचा आग्रह, पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्याचा प्रश्न, क्रुसावरील लेखाची भाषा, मनोरमेचे धर्मशिक्षण, असे ते विषय आहेत.

यांपैकी क्रुसावरील लेखाचा वाद मराठीच्या अभ्यासकाला विशेष उद्बोधक वाटेल. भगिनींच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. रमाबाईंना ती संस्कृत हवी होती. जी भाषा आपल्याला कळत नाही आणि आपल्या देशबांधवांनाही कळत नाही, ती संस्कृतपेक्षा अधिक पवित्र का मानावी, हा त्यांचा मुद्दा होता. जेराल्डिन यांना त्यात जुन्या अभिमानाचे अवशेष दिसले; आहाराच्या आग्रहातही त्यांना तेच दिसले. दोघींच्या भूमिकांत मूलभूत अंतर होते. जेराल्डिन यांच्या दृष्टीने श्रद्धा, तिची भाषा आणि तिची शिस्त ही एकसंध होती. रमाबाईंनी श्रद्धा स्वीकारली. तिचे इंग्रजी घर मात्र तिच्यासोबत स्वीकारणे त्यांना बंधनकारक वाटले नाही.

पुरुषांना शिकविण्याच्या प्रश्नावर मुंबई व लाहोर येथील बिशपांनी प्रतिकूल मत दिले. तसे केल्यास हिंदुस्थानातील त्यांच्या कार्याला बाधा येईल, असा त्यांचा आक्षेप होता. कलकत्त्यापासून पुण्यापर्यंत पुरुषांच्या सभांतून व्याख्याने दिलेल्या आणि १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे साक्ष दिलेल्या स्त्रीला हा आक्षेप चमत्कारिक वाटला, यात नवल नाही. मे १८८५ मधील पत्रात त्यांनी आपली भूमिका निःसंदिग्धपणे मांडली. आपण ख्रिस्ताच्या मंडळीचे सदस्य आहोत, तथापि धर्मगुरूंच्या मुखातून निघणारा प्रत्येक शब्द मानण्यास आपण बांधलेलो नाही. एका पुरोहितवर्गाचे जू मोठ्या प्रयासाने उतरवून ठेवल्यावर दुसरे मानेवर घेण्याची आपली इच्छा नाही, असा त्या पत्राचा आशय आहे. याच पत्रव्यवहारात उपकाराचे स्मरण वारंवार येते, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. रमाबाई ऋण नाकारीत नाहीत. त्या ऋणाची फेड मतस्वातंत्र्याने करण्याचे तेवढे नाकारतात.

(४)

या पत्रांतील संबोधन स्वतंत्र विचारास पात्र आहे. रमाबाई जेराल्डिन यांना ‘आजीबाई’ म्हणत. मराठी कुटुंबात घरातील वडीलधाऱ्या स्त्रीला लेकरू ज्या नावाने हाक मारते त्याच नावाने पुष्कळदा त्याची आईही तिला हाक मारते. ‘आजीबाई’ हे असे मनोरमेच्या बाजूचे नाव आहे. त्यात रमाबाईंचे जेराल्डिन यांच्याशी असलेले नाते मुलीचे ठरते, आणि मनोरमा त्या नात्यात आरंभापासूनच गोवली जाते. ज्या क्षणी जेराल्डिन यांनी मनोरमेच्या धर्मशिक्षणावर आपला अधिकार गृहीत धरला, त्या क्षणी वाद सर्वांत तीव्र झाला, तो यामुळे. स्वतःला अद्याप न पटलेले त्रैक्याचे तत्त्व आपल्या मुलीला शिकविले जावे, हे रमाबाईंना मान्य नव्हते. आजीने नातीला संस्कार द्यावेत, हे नात्याला धरून होते. आईच्या संमतीवाचून द्यावेत, हे नव्हते. आप्तवाचक शब्दाने माया आणली, आणि तिच्याबरोबर हक्काचा प्रश्नही आणला.

चेल्टनहॅमच्या प्राचार्या डोरोथिया बील यांची भूमिका या बाबतीत निराळी आहे. बील यांनाही रमाबाईंनी सनातन मत स्वीकारावे असे वाटत होते. तथापि त्यांनी शंकांना शंका म्हणून उत्तरे दिली. हे मन तत्त्वचिंतनात वाढलेले आहे, त्याला विचाराला मोकळीक दिली पाहिजे, दडपण आणून काही साधणार नाही, असे त्यांचे मत होते. शिक्षिकेचा पेशा येथे उपयोगी पडलेला दिसतो. विद्यार्थिनीच्या प्रश्नाने शिक्षिकेचा अधिकार कमी होत नाही, याची बील यांना सवय होती. मठातील शिस्त पत्करलेल्या जेराल्डिन यांना ती असणे कठीण होते.

जेराल्डिन यांच्यावर अन्याय होऊ नये, यासाठी दोन गोष्टी नमूद केल्या पाहिजेत. रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतल्यामुळे त्यांच्या श्रद्धेविषयी आपण उत्तरदायी आहोत, असे जेराल्डिन यांना प्रामाणिकपणे वाटत होते. ज्याची श्रद्धा अशी असते त्याला मैत्रिणीची शंका हे तिच्यावरील संकट वाटते. शिवाय ही पत्रे एकत्र करून जपली ती जेराल्डिन यांनीच. स्वतःला विरोध करणारी, प्रसंगी बोचणारी पत्रे त्यांनी नष्ट केली नाहीत. त्याचबरोबर संकलन आणि टिपणे त्यांची असल्यामुळे आपण हा संवाद दात्याच्या हातून वाचतो, याचेही अवधान ठेवले पाहिजे.

(५)

याच वर्षांत अमेरिकेत शिकणाऱ्या आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण तुलनेसाठी उपयुक्त आहे. गोपाळरावांनी कोल्हापूरच्या वाइल्डर या मिशनऱ्याला लिहिलेले पत्र एका मिशनरी नियतकालिकात प्रसिद्ध झाले. १८८० मध्ये ते न्यू जर्सीतील रोझेल येथील श्रीमती कार्पेंटर यांच्या वाचनात आले, आणि त्यांनी आपण होऊन पत्र पाठविले. आनंदीबाई अमेरिकेस पोहोचण्यापूर्वीच या मैत्रीला सुमारे तीन वर्षे झाली होती. त्या पत्रांतून आनंदीबाई आपल्या चालीरीती समजावून सांगत, म्हणजे देण्याची बाजू त्यांच्याकडेही होती. आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, हे त्यांनी फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूर येथील भाषणात जाहीरपणे सांगितले होते. कार्पेंटरबाई त्यांच्या ‘मावशी’ झाल्या त्या ही अट ठाऊक असताना. आनंदीबाईंना ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फिया येथे पदवी मिळाली. या समारंभासाठी रमाबाई इंग्लंडहून गेल्या होत्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात आनंदीबाईंचे निधन झाले. त्यांच्या अस्थी कार्पेंटर कुटुंबाच्या न्यूयॉर्क राज्यातील दफनभूमीत ठेवण्यात आल्या. श्रद्धेतील अंतर अखेरपर्यंत कायम राहूनही स्नेह उरू शकतो, याची ही साक्ष आहे.

या तुलनेवरून एक मैत्री खरी आणि दुसरी खोटी असे ठरविणे चुकीचे होईल. आनंदीबाईंची सीमा आरंभीच आखलेली होती. रमाबाईंनी ती ओलांडली होती, आणि ओलांडल्यानंतरही आपल्याला स्वतःचे मत असावे, असे त्या म्हणत होत्या. त्यांची मागणी अधिक अवघड होती. ती इंग्लंडमध्ये समजली नाही आणि महाराष्ट्रातही फारशी समजली नाही. पुण्यातील सनातनी व सुधारक अशा दोन्ही वर्तुळांत बाप्तिस्म्याच्या वार्तेने रोष निर्माण झाला. जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून रमाबाईंच्या निर्णयाचे समर्थन केले, हा ठळक अपवाद होय.

(६)

दाता आणि घेणारी यांच्या भूमिका पुढे बदलल्या. ११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी मुंबईत शारदासदन काढले. तेथे धर्मांतरासाठी प्रयत्न करावयाचे नाहीत, असे ठरले होते. रमाबाई स्वतःची प्रार्थना दार उघडे ठेवून करीत. काही मुली तेथे येऊन बसू लागल्या. यावरून वाद पेटला आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर आदींनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. रमाबाईंचे म्हणणे असे की, आपण कोणावरही सक्ती केलेली नाही. मात्र आपली श्रद्धा लपविण्यासाठी दार लावून घेणेही आपल्याला मान्य नाही. विरोधकांचे म्हणणे असे की, अन्न, निवारा आणि शिक्षण ज्या बाईकडून मिळते तिच्या उघड्या दारातून आत जाणाऱ्या अल्पवयीन विधवेची संमती मोकळी मानता येत नाही.

वाँटेजचा पत्रव्यवहार वाचलेल्या अभ्यासकाला या वादात एक विलक्षण गोष्ट दिसेल. दोन्ही पक्षांचे युक्तिवाद रमाबाईंच्याच इंग्लंडमधील पत्रांत सापडतात. विवेकबुद्धीवर बाहेरच्या कोणाचा अधिकार नाही, हा त्यांचा तेव्हाचा मुद्दा मुलींना उघड्या दारातून जाण्याची मुभा देतो. आश्रय देणाऱ्याने पालकाच्या संमतीवाचून लेकराला धर्म शिकवू नये, हा मनोरमेसंबंधीचा मुद्दा विरोधकांच्या हाती जातो. रमाबाईंनी त्या दोहोंचा पूर्ण मेळ घातला असे म्हणता येत नाही. चरित्रकारांनी हा प्रसंग बहुधा समर्थनाच्या किंवा आरोपाच्या सुरात सांगितला आहे. त्याची मुळे १८८५ च्या पत्रांत शोधली तर तो अधिक नीट समजतो.

‘इंग्लंडचा प्रवास’ (१८८३) आणि ‘यूनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ (१८८९) ही दोन मराठी पुस्तके या पत्रव्यवहाराच्या अलीकडे आणि पलीकडे उभी आहेत. पहिल्यात बाप्तिस्म्यापूर्वीची प्रवासी स्त्री आहे. दुसऱ्यात परक्या समाजाचे गुणदोष स्वतःच्या मापाने मोजणारी, आत्मविश्वास असलेली निरीक्षक आहे. या दोहोंमधील अंतर चेल्टनहॅमच्या वादांनी कापले, असे मानण्यास जागा आहे. महाविद्यालयीन अध्यापनात ‘प्रवासवृत्त’ शिकविताना ही पत्रे मराठी अनुवादाच्या रूपाने जोडीला ठेवली, तर रमाबाईंच्या गद्यातील ठामपणा कोठून आला हे विद्यार्थ्यांना दाखविता येईल. त्याचबरोबर श्रद्धा देऊ करणाऱ्या मैत्रीने समोरच्याच्या प्रश्नासाठी किती जागा ठेवावी, हा प्रश्न कोणत्याही एका धर्मापुरता मर्यादित नाही, हेही त्यांच्या लक्षात येईल.