कडू करांदा

पावसाळ्यात कुंपणावर चढणारा करांद्याचा वेल तुम्ही पाहिला असेल. त्याचे पान हृदयाच्या आकाराचे असते. पानाच्या शिरा देठापासून निघून कमानीसारख्या टोकाकडे जातात. शास्त्रात त्याला डायोस्कोरिया बल्बिफेरा म्हणतात.

या वेलाची गंमत अशी, की त्याला दोन जागी कंद येतात. एक मातीत आणि दुसरे वर, पानाच्या बगलेत. वरचे कंद आलूसारखे दिसतात. ते खाली पडले की पुढच्या पावसात त्यांतून नवे वेल उगवतात. हिवाळ्यात वेल वाळतो, पण मातीतला कंद जिवंत राहतो.

आजी सांगते, तिच्या लहानपणी घरची ज्वारी संपली की तिची माय रानातून कंद आणायची. पण तो तसाच खायचा नसतो. मागच्या वर्षी मी कोणाला न विचारता एक कंद चुलीत भाजून खाल्ला. तोंड कडू झाले, घसा खाजला, रात्रभर ओकाऱ्या झाल्या. आजी म्हणाली, "अरे, कडू कंदाले आधी पाणी दाखवा लागते!" ती कंद सोलते, पातळ काप करते, उकळून पाणी फेकते. कडूपणा जाईपर्यंत पुन्हा पुन्हा उकळते. मगच भाजी करते.

करांद्याच्या जातीचाच एक काटेरी वेल असतो. त्याच्या एका देठावर तीन पाने असतात. त्याचा कंद फार विषारी असतो. म्हणून मोठ्या माणसांना दाखवल्याशिवाय कोणताही रानकंद तोंडात घालू नका.

आमच्या नाल्याकाठी पूर्वी करांद्याचे पुष्कळ वेल होते. यंदा आजीला दोनच सापडले. लोक सबलीने सगळा कंद उपटून नेतात, मग वेल उगवणार कसा? आजी कंदाचा वरचा डोळ्याचा तुकडा पुन्हा मातीत पुरते.

लागवड सोपी आहे. पाऊस लागला की वीतभर खड्डा करून त्यात शेणखत टाकावे. वरचा एक कंद लावून जवळ काठी रोवावी. पाणी साचू देऊ नये. पाने वाळल्यावर हिवाळ्यात कंद काढावा.

मी वावराच्या धुऱ्यावर पाच कंद लावले. चार उगवले. पालकांनो, तुमच्या धुऱ्यावरही एक वेल राहू द्या. रानातला संपला, तर आम्ही तो फक्त चित्रात पाहू.

— इयत्ता चौथी