मास्टर सिलेंडरच्या आधी ड्रम उघडा

आधीच सांगून टाकतो: माझ्या गाडीचा मास्टर सिलेंडर चांगला होता. तरी तो काढला गेला, नवा बसला, बिल मी भरलं आणि ब्रेक होता तसाच राहिला.

तक्रार मी स्वच्छ सांगितली होती. पहिल्या दाबाला पेडल निम्म्याच्या खाली जातं, लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वरच घट्ट लागतं. गळती कुठेही नाही. इथल्या उरला औद्योगिक भागात पुढचा पोलादी बिलेट लादलेला ट्रेलर अचानक थांबला, तर दुसऱ्यांदा दाबायला सवड कोण देणार?

गॅरेजवाल्याने गाडी साधी चालवूनही बघितली नाही. ‘‘हवा है, भैया.’’ हवा काढली. मग पुढचे पॅड बदलले. मग ‘‘एबीएस वाली गाड़ी में इतना तो रहता ही है.’’ मागचे ड्रम उघडा म्हटलं, तर पोऱ्याकडे बघून हसला. हँडब्रेक फार वर येतो म्हटलं, तर केबल कसून दिली. त्या दिवशी पेडल चक्क वर आलं! उत्तर तिथेच समोर होतं. पण मागची चाकं घासून तापायला लागली, म्हणून त्यानेच केबल पुन्हा सैल केली आणि सिलेंडरवर बोट ठेवलं.

शेवटी बिरगावच्या एका वयस्कर मिस्त्रीकडे गेलो. त्याने ऐकून घेतलं, इंजिन चालू ठेवून हँडब्रेक चांगला ओढला आणि म्हणाला, ‘‘अब दबाओ.’’ पेडल वरच थांबलं, पहिल्या दाबाला. मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप. एवढ्याशा परीक्षेला ना पाना लागतो, ना पैसा.

ड्रम उघडले तेव्हा आत काळी-तांबडी भुकटी थापून बसलेली. इकडे स्पंज आयर्नचे कारखाने, रोलिंग मिल, त्यात सिलतरा औद्योगिक भागाची वाहतूक. धुळीची नवलाई नाही. लायनर झिजत जातील तसे शू ड्रमजवळ सरकवणारा अॅडजस्टर त्या भुकटीने आणि गंजाने जाम झाला होता. शू आणि ड्रममधलं अंतर वाढलं, पहिला दाब ते अंतर भरण्यातच संपत होता. अॅडजस्टर साफ करून फिरता केला, शू जुळवले, काम झालं. मजुरी सांगितली तर त्या गॅरेजवाल्याला लाज वाटेल. वाटणार नाही म्हणा.

तुमच्या गाडीला मागे ड्रम असतील तर एवढं लक्षात ठेवा:

पेडल दुसऱ्या दाबाला वर येतं आणि हँडब्रेक ओढल्यावर पहिल्याच दाबाला वर राहतं, तर आधी शूचं अंतर बघा. परीक्षा सपाट जागी, चाकांना अडण लावून करा.

पाय दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली बसत जातं, तेव्हा मास्टर सिलेंडरवर किंवा गळतीवर संशय घ्या. स्पंजासारखं लागतं तर हवा. दगडासारखं कडक लागतं तर बूस्टर आणि त्याची व्हॅक्यूमची नळी.

आधी शू जुळवा, मग केबल. उलट केलं की अॅडजस्टरला काम करायला जागाच उरत नाही. हे पोऱ्याला बजावून सांगा, ऐकणार नाही तरी.

ड्रममधली भुकटी हवेच्या प्रेशरने उडवू देऊ नका. ती छातीत जाते. ओली करून पुसायला लावा.

ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदला. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो, पाणी मुरल्यावरची किमान मर्यादा १५५ अंश. केशकालचा घाट उतरताना हा फरक जिवावर बेतू शकतो.

आणि काढलेला जुना भाग मागून घ्या. मी मागितला तेव्हा गॅरेजवाला ‘‘कबाड़ में चला गया’’ म्हणाला. रोलिंग मिलच्या गावात भंगार लवकर वितळतं, मान्य, पण तासाभरात? काम सुरू होण्याआधी काय बदलणार आणि का, हे कागदावर घ्या, पक्कं बिल घ्या. टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पक्क्या बिलाऐवजी माझ्या हातात फक्त चिठ्ठी आली; तुम्ही चिठ्ठीवर पैसे मोजू नका.