स्थौल्यचिकित्सेत आहारमात्रा : अपतर्पण म्हणजे उपासमार नव्हे

वजन कमी करण्याच्या इच्छेने आपल्याकडे येणारे पुष्कळ रुग्ण चिकित्सा सुरू होण्यापूर्वीच कित्येक आठवडे अर्धपोटी राहिलेले असतात. सकाळी कोमट पाण्यात मध व लिंबू, दुपारी वाटीभर मुगाचे कढण, सायंकाळी चहा व एखादे फळ, रात्री दोन खाकरे, असा त्यांचा नित्यक्रम असतो. या आहाराचे एकूण मूल्य पाचशे-सहाशे उष्मांकांपलीकडे क्वचितच जाते. पहिल्या पंधरवड्यात काटा भराभर उतरतो आणि रुग्ण आनंदतो. दोन-तीन महिन्यांनी मात्र केस गळू लागतात, मलावष्टंभ होतो, चक्कर येते, स्त्रियांमध्ये रजःप्रवृत्ती अनियमित होते. पुढे आहार सुटतो आणि वजन पूर्वपदावर येते. असा रुग्ण समोर आल्यावर आपणही केवळ एखादा गुग्गुळकल्प देऊन ‘लंघन चालू ठेवा’ असे सांगितले, तर दोष रुग्णाकडे राहत नाही, तो आपल्याकडे येतो. म्हणून स्थूल रुग्णास किती खाऊ द्यावे, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शास्त्रदृष्टी

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या, अष्टौनिंदितीय अध्यायात अतिस्थूल पुरुषाचे आठ दोष सांगितले आहेत. त्यांत दौर्बल्य, अतिक्षुधा व अतितृष्णा यांचा समावेश आहे. मेदाने मार्ग अवरुद्ध झाल्याने वायू कोष्ठात विशेषत्वाने संचार करतो, अग्नी प्रदीप्त करतो आणि आहार शीघ्र पचवितो. म्हणून स्थूल पुरुषास वारंवार अन्नाची इच्छा होते. त्याच ठिकाणी आचार्यांनी एक इशारा दिला आहे, त्याकडे बहुधा दुर्लक्ष होते. अशा पुरुषाची भोजनाची वेळ टळली, तर त्यास घोर विकार जडतात. अग्नी आणि वायू हे दोघे वणव्याप्रमाणे त्याचा देह जाळतात, असा दृष्टांतही तेथे आहे.

अग्नी तीक्ष्ण आणि वायू कोष्ठस्थ असताना अन्नच न देणे म्हणजे वातप्रकोपास आमंत्रण देणे होय. म्हणूनच स्थौल्यासाठी आचार्यांनी गुरू आणि अपतर्पण अशा दोन्ही गुणांनी युक्त आहार सांगितला. चक्रपाणींनी आपल्या टीकेत त्याचा हेतू स्पष्ट केला आहे : गुरुत्वामुळे वाढलेल्या अग्नीचे शमन व्हावे आणि अपतर्पणामुळे मेदाचे पोषण होऊ नये. केवळ गुरू दिल्यास मेद वाढतो, केवळ अपतर्पण केल्यास अग्नी व वायू धातूंवर उलटतात. दोहोंचा संयोग साधणे हेच या चिकित्सेतील कौशल्य आहे.

त्या अध्यायात सांगितलेली द्रव्येही हेच दर्शवितात. यव, सावा, कोद्रव, राळे, ज्वारी, मूग, कुळीथ, तूर, पडवळ आणि आवळा ही सर्व भोजनाची द्रव्ये आहेत. आचार्यांनी स्थूलाचे ताट रिकामे केले नाही, ते बदलले. जागरण, व्यायाम व चिंतनही क्रमाक्रमाने वाढविण्यास सांगितले. हा ‘क्रम’ शब्द आहार घटवितानाही ध्यानी ठेवावा.

पुढील बाविसाव्या अध्यायात लंघनाचे दहा प्रकार वर्णिले आहेत आणि उपवास हा त्यांपैकी केवळ एक आहे. व्यायाम व पाचन हीही लंघनेच होत. सम्यक् लंघनात शरीराचे लाघव, वात-मूत्र-पुरीषांचे यथोचित विसर्जन, अन्नात रुची, भूक व तहान यांचा एकत्र उदय आणि मनाची स्वस्थता ही लक्षणे अपेक्षित आहेत. अतिलंघनात पर्वभेद, अंगमर्द, मुखशोष, क्षुधानाश, अरुची, श्रोत्र-नेत्रदौर्बल्य, मनाचा संभ्रम आणि देह, अग्नी व बल यांचा नाश सांगितला आहे. प्रारंभी वर्णिलेल्या रुग्णाची तक्रार या यादीशी ताडून पाहावी. तो स्थौल्याबरोबर अतिलंघनाचाही रुग्ण झालेला असतो.

आधुनिक निरीक्षणांची साक्ष

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांवर अर्धोपोषणाचा प्रयोग केला. चोवीस आठवडे त्यांना दररोज सुमारे १५७० उष्मांकांचा आहार दिला गेला आणि त्यांना चालण्याचे श्रमही होते. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. त्याबरोबर नाडी मंदावली, थंडी सोसेनाशी झाली, बल क्षीण झाले, मन उदास व चिडखोर झाले आणि अहोरात्र अन्नाचेच विचार येऊ लागले. विश्रांतीच्या अवस्थेतील ऊर्जाव्ययही पुष्कळ घटला. पुन्हा भरपूर अन्न मिळू लागल्यावर मेद आधी भरून आला, मांसधातू मागाहून. हे स्वयंसेवक स्थूल नव्हते, म्हणून सर्व निष्कर्ष जसेच्या तसे आपल्या रुग्णास लावता येत नाहीत. तथापि अतिलंघनाच्या लक्षणांशी असलेले त्यांचे साम्य विचार करावयास लावणारे आहे.

पहिल्या आठवड्यात जे वजन भराभर उतरते, त्यात मेदाचा वाटा अल्प असतो. यकृत व स्नायू यांतील साठविलेली शर्करा वापरली जाते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बाहेर पडते. त्यानंतर आहारात प्रथिने अपुरी असल्यास मांसधातू झिजतो. शीघ्र वजनघटीत पित्ताशयात खडे होण्याचा संभवही वाढतो.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ‘कमी खाल्ल्याने शरीर मेद धरून ठेवते व वजन उतरणे थांबते’ असे म्हटले जाते. हे पूर्ण सत्य नव्हे. ऊर्जाव्यय मंदावतो, त्यामुळे घटीचा वेग कमी होतो, परंतु ती थांबत नाही. रुग्ण अल्प खात असूनही वजन स्थिर असेल, तर चहातील साखर, फोडणीचे तेल, मुलांच्या ताटातील उरलेले घास आणि उपवासाच्या दिवशीची साबुदाण्याची खिचडी यांची विचारपूस करावी. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट पदार्थ आहे. दिवसभर उपाशी राहून सायंकाळी तूप व शेंगदाण्याच्या कुटासह तो पोटभर खाणे, यास लंघन म्हणता येणार नाही. तीन दिवसांची आहारनोंद लिहून आणावयास सांगितल्यास बहुतेक शंका मिटतात. आवश्यक तेथे अवटू ग्रंथीची तपासणीही करून घ्यावी.

मात्रा कशी ठरवावी

मात्रा अग्निबलावर अवलंबून असते, हे आपले मूळ सूत्र आहे. उष्मांकांची गणना त्याला पर्याय नाही, परंतु साहाय्यक मापन म्हणून ती उपयुक्त आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार बैठे काम करणाऱ्या ६५ किलो वजनाच्या पुरुषास दररोज सुमारे २११० आणि ५५ किलो वजनाच्या स्त्रीस सुमारे १६६० उष्मांक लागतात. प्रथिनांची शिफारस प्रतिकिलो ०.८३ ग्रॅम आहे.

रुग्णाच्या गरजेतून चारशे ते पाचशे उष्मांक कमी करावेत आणि आठवड्यास सुमारे अर्धा किलो घट हे ध्येय ठेवावे. सामान्यतः स्त्रीस १२०० व पुरुषास १५०० उष्मांकांखाली नेऊ नये. आठशेहून कमी उष्मांकांचा आहार हा तज्ज्ञांच्या सतत देखरेखीचा विषय आहे, घरी करण्याचा नव्हे.

उदाहरणार्थ, चाळीस वर्षांची, ७० किलो वजनाची, १५५ सें.मी. उंचीची, बैठे काम करणारी स्त्री घ्या. तिची गरज १७०० ते १८०० उष्मांकांच्या आसपास येते. तिच्यासाठी पुढील आहार विचारात घेता येईल :

सकाळी : ५० ग्रॅम मुगाची धिरडी, एक चमचा तेल, पुदिना-आवळ्याची चटणी.
मध्यान्हपूर्व : एक पेरू.
दुपारी : ७५ ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी, ४० ग्रॅम कुळिथाचे पिठले, पडवळाची भाजी, पेलाभर पातळ ताक.
सायंकाळी : ३० ग्रॅम भाजलेले हरभरे, बिनसाखरेचा चहा.
रात्री : ५० ग्रॅम पिठाची भाकरी किंवा तेवढ्याच साव्याचा भात, ३० ग्रॅम तुरीचे वरण, पालेभाजी, दह्यातील कोशिंबीर.

दोन्ही भाज्यांस प्रत्येकी एक चमचा तेल धरल्यास हा आहार सुमारे १३५० उष्मांकांचा होतो आणि त्यातून ५० ते ५५ ग्रॅम प्रथिने मिळतात. तिची वेळ टळत नाही, पोट रिकामे राहत नाही, तरीही दररोज सुमारे चारशे उष्मांकांची तूट पडते. प्रकृती, सात्म्य व ऋतू यांनुसार द्रव्ये बदलावीत. मधुजलाचे अनुपान देताना मधाचेही उष्मांक मोजावेत : वीस ग्रॅम मधात सुमारे साठ उष्मांक असतात. आहाराबरोबर चालणे व स्नायूंना बल देणारा व्यायाम असावा, म्हणजे मांसधातूचे रक्षण होते.

अनुवर्तन

वजन आठवड्यातून एकदाच, त्याच वेळी व त्याच काट्यावर घ्यावे. कटीचा घेरही मोजावा. भारतीयांसाठी पुरुषांत ९० सें.मी. व स्त्रियांत ८० सें.मी. ही मर्यादा मानली जाते. प्रत्येक भेटीत बल, निद्रा, मलप्रवृत्ती, रजःप्रवृत्ती, केस, शीत सहन होणे आणि मनाची अवस्था विचारावी. यांपैकी दोन-तीन गोष्टी बिघडल्या असतील, तर काटा उतरत असला तरी आहार वाढवावा. शोधनानंतर उतरलेले वजन हे मेदक्षयाचे प्रमाण मानू नये आणि संसर्जनक्रमात घाई करू नये.

गर्भिणी, सूतिका, बालक, वाढीच्या वयातील मुले, राजयक्ष्म्यासारख्या क्षयकारी व्याधींचे रुग्ण आणि अन्नाविषयी विकृत भय बाळगणाऱ्या व्यक्ती यांना ही तूटदेखील लावू नये. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी औषधे घेणाऱ्या मधुमेह्याचा आहार कमी करण्यापूर्वी त्याच्या चिकित्सकाशी विचारविनिमय करून औषधमात्रेचा फेरविचार झालाच पाहिजे. अन्यथा रक्तशर्करा एकाएकी घसरून प्राणसंकट ओढवू शकते.

औषधालयांसाठी

मेदोहर कल्प मागणारे कित्येक ग्राहक वैद्याकडे न जाता थेट औषधालयात येतात. अशा वेळी विक्रेत्याने चार प्रश्न अवश्य विचारावेत : दिवसातून किती वेळा व काय खाता? मधुमेहाचे अथवा रक्तदाबाचे औषध चालू आहे का? चक्कर, रजोविकार किंवा अतिदौर्बल्य आहे का? गर्भधारणा आहे वा संभवते का? एका प्रश्नाचेही उत्तर शंका निर्माण करणारे असेल, तर कल्प देण्याऐवजी वैद्याचा पत्ता द्यावा. वजन उतरावे म्हणून रोज रेचक मागणाऱ्यास नकार द्यावा. रेचकाने पाणी व क्षार जातात, मेद जात नाही. एक विक्री कमी झाली तरी ग्राहकाचा विश्वास राहतो आणि आपल्या शास्त्राचा लौकिकही.

तात्पर्य

स्थूलास उपाशी ठेवणे सोपे आहे, पण ती चिकित्सा नव्हे. अग्नीस पुरेल आणि मेदास पोसणार नाही, असे अन्न योग्य मात्रेत व वेळेवर देणे, हा आचार्यांचा मार्ग आहे. त्यास मोजमापाची जोड दिल्यास रुग्णाचा मेद घटेल आणि बल टिकेल. पुढील वेळी ‘मी काय सोडू?’ असे रुग्णाने विचारले, तर उत्तर देण्याआधी ‘आज आपण काय जेवलात?’ असे आपण विचारावे.