घरच्या बिनतारी जाळ्याची राखण

घराला भिंती असतात, दाराला कडी असते; परंतु रेडिओलहरींना घराची सीमा ठाऊक नसते. राउटर नावाच्या छोट्या यंत्रातून निघालेल्या लहरी भिंती ओलांडून जिन्यात, शेजारी आणि रस्त्यावरही पोहोचतात. म्हणून वायफायच्या जाळ्याला कुलूप लावावे लागते. परवलीचा शब्द हीच त्याची किल्ली होय.

कुलूप नसले म्हणजे काय होते, याचा दाखला महाराष्ट्रातच मिळाला. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबाद येथे बॉम्बस्फोट झाले. त्यांची जबाबदारी घेणारा ई-मेल नवी मुंबईतील सानपाडा येथील एका घरच्या उघड्या जाळ्यावरून गेल्याचे तपासात आढळले. पत्र धाडणारे दुसरेच होते. संशय मात्र प्रथम त्या घरातील माणसावर आला.

कुलपांतही बरेवाईट असतेच. डब्ल्यूईपी हे जुने कुलूप सदोष असल्याचे संशोधकांनी २००१ साली दाखवून दिले. पुढे २००४ साली डब्ल्यूपीए-२ आणि २०१८ साली डब्ल्यूपीए-३ ही अधिक भक्कम कुलुपे आली. राउटर घरी येताच त्याच्यासोबत आलेला व्यवस्थापकाचा परवलीचा शब्द बदलावा. जाळ्यासाठी निराळा व लांब शब्द योजावा; त्यात नाव किंवा जन्मतारीख नसावी. यंत्राची आज्ञावली वेळोवेळी अद्ययावत करावी. पाहुण्यांसाठी वेगळे जाळे ठेवावे, हे उत्तम.

जाळे मंद झाले तर गोंधळून सारेच बदलू नये. वैद्य औषधाआधी नाडी पाहतो, तसा आधी दोष शोधावा. एकच यंत्र अडखळत असेल, तर दोष बहुधा त्या यंत्रातच असतो. सर्वच अडखळत असतील, तर संगणक तारेने राउटरला जोडून पाहावा. तारेने वेग आला, तर दोष लहरींच्या वाटेत आहे. तारेनेही वेग न आला, तर तो बहुधा राउटरमध्ये किंवा बाहेरून येणाऱ्या जोडणीत आहे.

लोखंडी कपाट, पाण्याची टाकी व जाड भिंत लहरींना अडवितात. यास्तव राउटर घराच्या मध्यभागी, उंच जागी ठेवावा. मायक्रोवेव्ह भट्टी २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात व्यत्यय आणते. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गर्दी कमी असते. मात्र त्या लहरी भिंतींपलीकडे लवकर क्षीण होतात.

आपल्या दाराला कडी घालणे म्हणजे शेजाऱ्यावर अविश्वास दाखविणे नव्हे. आपल्या घराच्या नावाने कोणी दुष्कृत्य करू नये, याची ती दक्षता होय.

स्वाध्याय
१. सानपाड्याच्या घटनेवरून कोणता बोध मिळतो?
२. दोष लहरींत आहे की जोडणीत, हे कसे ओळखावे?
३. राउटर कोठे ठेवावा? का?