भरलेले घावन : घरच्या तव्यावरची हलाल रोजी

पिंपरी-चिंचवड व चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात आपले अनेक बांधव वर्कशॉप, वेल्डिंग आणि भंगाराच्या धंद्यात आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेच्या कारवाईत चिखली-कुदळवाडी भागातील गोदामे व वर्कशॉप मोठ्या प्रमाणावर पाडली गेली. घरात दुसरे उत्पन्न असणे किती गरजेचे आहे, हे अशा वेळी कळते. म्हणून या धड्यात थोड्या भांडवलाचा एक जिन्नस पाहू.

जिन्नस कोणता?

कोकणातले तांदळाचे घावन आपल्या माताभगिनींना ठाऊकच आहे. व्हिएतनाममध्ये त्याचाच एक भाऊबंद आहे. त्याचे नाव बान्ह सेओ. तव्यावर पीठ पडताच होणाऱ्या चर्र आवाजावरून हे नाव पडले. तेथे आत कोळंबी, डुकराचे मांस व मोड आलेले मूग भरतात आणि मासळीच्या आंबवलेल्या रसाच्या चटणीबरोबर खातात. आपण डुकराच्या मांसाऐवजी हलाल कोंबडीचा खिमा घ्यावा. कोळंबी कोकणी शाफई घरांत चालते, पण हनफी मंडळींत तिच्याबाबत मतभेद आहे. म्हणून ती वापरल्यास गिऱ्हाइकाला आधी सांगावे.

कृती

दोन वाट्या तांदळाचे पीठ, एक वाटी नारळाचे दूध, तीन वाट्या पाणी, अर्धा चमचा हळद व चवीपुरते मीठ कालवून अर्धा तास ठेवावे. मावळचा इंद्रायणी तांदूळ खायला उत्तम, पण तो चिकट असतो. कुरकुरीत घावनाला जुना, मोकळा शिजणारा जाडा तांदूळ दळून घ्यावा.

खिमा कांदा, लसूण, मिरी घालून पूर्ण शिजवावा व कोरडा करावा. सारण ओले राहिले तर घावन फाटते. बिडाचा तवा चांगला तापवून तेल सोडावे. पीठ तळाशी बसते, म्हणून प्रत्येक वेळी ढवळूनच अर्धी वाटी घालावे व तवा फिरवून पातळ पसरावे. अर्ध्या भागावर खिमा, मोड आलेले मूग व उभा चिरलेला कांदा घालावा. मिनिट-दोन मिनिटे झाकण ठेवावे. मग झाकण काढून आच मंद करावी व कडा सुटेपर्यंत तीनेक मिनिटे भाजावे. घावन उलटू नये, फक्त दुमडावे. एवढ्या पिठात आठ-नऊ घावने होतात. सोबत कोथिंबीर, पुदिना आणि लिंबू, गूळ, लसूण, हिरवी मिरची यांचे पातळ पाणी द्यावे.

धंद्याचा हिशेब

खरी अडचण वेळेची आहे. एका घावनाला पाच मिनिटे लागतात, म्हणजे एका तव्यावर तासाला बारा आणि दोन तव्यांवर चोवीस. कारखान्याची पाळी सुटते तेव्हा गर्दी अर्धा तासच टिकते, आणि तेवढ्यात बाराच घावने होतील. बाकीचे गिऱ्हाईक वडापावकडे जाईल. डब्यात भरले तर वाफेने कुरकुरीतपणा जातो, म्हणून डब्याची ऑर्डर घेऊ नये.

मग उपाय काय? व्हिएतनाममध्येच बान्ह खोत नावाचा छोटा प्रकार आहे. तो आपल्या आप्पेपात्रासारख्या खळग्यांच्या भांड्यात करतात. कंपनीच्या गेटजवळ आप्पेपात्र वापरावे, कारण एका वेळी अनेक नग उतरतात. मोठे भरलेले घावन रविवारची संध्याकाळ, वस्तीतील ऑर्डर आणि रमजानच्या इफ्तारीसाठी राखावे.

समजा, सामान, गॅस व कागदी ताटली धरून एका घावनाला २५ रुपये पडले आणि विक्री ४० रुपयांनी झाली. चोवीसही खपली तर ३६० रुपये सुटतात. चार उरली तर २०० रुपयेच राहतात. चार नगांनी १६० रुपये खाल्ले. म्हणून ऑर्डर पाहूनच पीठ कालवावे, आणि आपली मजुरीही खर्चात लिहावी. मजुरी न धरलेला नफा हा नफा नव्हे.

सावधगिरी

नारळाच्या दुधाचे पीठ उन्हाळ्यात लवकर आंबते. थोडे थोडे करावे व उरलेले दुसऱ्या दिवशी वापरू नये. शिजलेला खिमा वाफाळता तरी ठेवावा, नाही तर फ्रीजमध्ये ठेवावा. बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. घरून विक्री केली तरी २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे नोंदणी लागते. तो कागद आधी करून घ्यावा, मगच पाटी लावावी.

सुरुवातीला कर्ज काढू नका. घरचा तवा, दोन किलो पीठ आणि शेजारची चार घरे एवढ्यावर महिनाभर अनुभव घ्या. रोजचा जमाखर्च वहीत लिहा. माप कमी देणाऱ्यांना कुरआनच्या सूरह मुतफ्फिफीनमध्ये सक्त ताकीद आहे. ती तराजूइतकीच सारणाच्या चमच्यालाही लागू आहे. पहिल्या दिवशी जेवढा खिमा घातला, तेवढाच शंभराव्या दिवशीही घाला. गिऱ्हाईक टिकेल आणि इन्शाअल्लाह रोजीत बरकत होईल.