मूळ नक्षत्र, अमावस्या आणि दुर्बीण
(विद्यार्थ्यांसाठी अभ्यासलेख)



धम्मवंदनेत आपण ‘एहिपस्सिको’ हा शब्द नित्य उच्चारतो. ‘या आणि स्वतः पाहा’ असा त्याचा अर्थ. केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी हेच समजावले होते. परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात लिहिले आहे म्हणून, किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून काहीही स्वीकारू नका. प्रस्तुत लेखात हाच शब्द आम्ही रात्रीच्या आकाशाला लावून पाहणार आहोत.

तसे करण्याची गरज आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली. तरीही आपल्या वस्त्यांतून सोयरीक जुळवताना ‘मुलगी मुळावरची तर नाही ना?’ अशी कुजबुज अजून ऐकू येते. मूळ नक्षत्रावर जन्मलेली मुलगी सासऱ्याला वाईट, ही ती समजूत. अमावस्येला घराबाहेर पडू नये, नवे काम काढू नये, ही दुसरी. वास्तविक ग्रहनक्षत्रांवरून भविष्य सांगून उदरनिर्वाह करणे हे दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्ताने भिक्खूंसाठी वर्ज्य ठरवले आहे. नक्खत्त जातकात तर मुहूर्त चांगला नाही म्हणून ठरल्या दिवशी वऱ्हाड गेलेच नाही आणि मुलीकडच्यांनी तिचे लग्न दुसऱ्याशी लावून दिले, अशी कथा आहे. परंतु कथा ऐकून भीती जात नाही. जिची भीती वाटते ती गोष्ट पाहिली म्हणजे जाते. म्हणून हा पाठ.

१) पाहायचे काय?

चंद्र आणि ग्रह आपल्या सूर्यमालेतील. त्यांच्या पलीकडे, ताऱ्यांच्या अधेमधे जे फिकट ढगांसारखे ठिपके दिसतात त्यांचे मुख्यतः तीन प्रकार आहेत. ताऱ्यांचे समूह म्हणजे तारकागुच्छ, वायू व धूळ यांचे मेघ म्हणजे तेजोमेघ, आणि अब्जावधी ताऱ्यांची स्वतंत्र विश्वे म्हणजे दीर्घिका.

चार्ल्स मेसिए (१७३०–१८१७) हा फ्रेंच निरीक्षक धूमकेतूंच्या शोधात असे. धूमकेतूसारखे दिसणारे, पण जागचे न हलणारे ठिपके त्याला वारंवार फसवू लागले. ते टाळण्यासाठी त्याने त्यांची यादी केली. आज त्या यादीत ११० पदार्थ आहेत. धूमकेतू शोधताना अडचण म्हणून जे बाजूला काढले, तेच पुढे जगभरच्या हौशी निरीक्षकांचे पहिले पाठ्यपुस्तक झाले.

यांतील काही नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. कृत्तिकांचा गुच्छ सर्वांच्या ओळखीचा; तो सुमारे ४४० प्रकाशवर्षे दूर आहे. मृगातील एका रेषेतल्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेला सुमारे १,३५० प्रकाशवर्षांवर एक तेजोमेघ आहे. तिथे आजही नवे तारे जन्माला येत आहेत. देवयानीतील दीर्घिका सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात गावाकडच्या अंधाऱ्या आकाशात ती फिकट डागासारखी दिसते. नरतुरंगातील ओमेगा हा प्रचंड गोलाकार तारकागुच्छ एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडून दक्षिण क्षितिजाच्या वर वीस-पंचवीस अंशांवर येतो. लंडनच्या रहिवाशाला तो घरून कधीच दिसत नाही. म्हणजे या बाबतीत आपले गाव लंडनपेक्षा नशीबवान!

२) डोळ्यांची तयारी

अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटे लागतात. मध्येच कोणी बॅटरीचा पांढरा झोत किंवा मोबाइलचा पडदा डोळ्यांसमोर आणला की केलेली तयारी वाया जाते. म्हणून बॅटरीवर लाल कागद लावावा.

दुसरी युक्ती अशी, की फिकट ठिपक्याकडे रोखून पाहू नये, नजर किंचित बाजूला ठेवावी. नेत्रपटलाच्या मध्यभागी रंग ओळखणाऱ्या पेशींची दाटी असते. मंद उजेड टिपणाऱ्या पेशी त्याच्या सभोवती असतात. त्यामुळे सरळ पाहिले तर ठिपका नाहीसा होतो आणि बाजूला पाहिले तर उजळतो.

आरंभी मोठ्या दुर्बिणीची आवश्यकता नाही. ५० मिलिमीटर भिंगांची द्विनेत्री आपल्या डोळ्यापेक्षा सुमारे ५० पट प्रकाश गोळा करते. मात्र छायाचित्रांतील तांबडे-निळे रंग दिसतील अशी अपेक्षा ठेवू नये. डोळ्याला बहुतेक पदार्थ करड्या धुरकट ढगासारखेच दिसतात. जे दिसेल तेच लिहावे, हा या अभ्यासाचा पहिला नियम होय.

३) आकाशाची अवस्था

आकाश रोज सारखे नसते. एखाद्या रात्री सहज दिसलेला तेजोमेघ दुसऱ्या रात्री त्याच दुर्बिणीतून सापडत नाही. मेघ तोच असतो, मधली हवा बदललेली असते. येथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या. हवेची स्थिरता कमी असली की तारे फार लुकलुकतात आणि ग्रहांचे बारकावे पुसट होतात. हवेची पारदर्शकता कमी असली, म्हणजे धूळ, धूर वा बाष्प वाढले, की फिकट पदार्थ नाहीसे होतात. तेजोमेघ व दीर्घिकांसाठी दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर बहुतेक रात्री ढगांच्या. पावसाने धूळ धुऊन गेल्यावर ऑक्टोबरात आकाश स्वच्छ होते, पण भिंगांवर दव धरते. डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्री पठारावर उत्तम. शहरात मात्र स्थिर हवेमुळे शेकोट्यांचा व वाहनांचा धूर खालीच साचतो. मार्चनंतर क्षितिजालगत धुळीचा पडदा येतो.

या सर्वांवर मात करतो तो चंद्र. पौर्णिमा हा आपला मंगल दिन, परंतु त्या उजेडात फिकट पदार्थ बुडून जातात. ज्या अमावस्येला लोक दार लावून बसतात, तीच निरीक्षकाची सर्वांत चांगली रात्र!

आणि आता चंद्राहून हट्टी असा दिव्यांचा उजेड आला आहे. चंद्र मावळतो, हॅलोजन मावळत नाही. आकाश किती काळे आहे हे मोजण्यासाठी अमेरिकेतील हौशी निरीक्षक जॉन बॉर्टल यांनी २००१ साली नऊ पायऱ्यांची मोजपट्टी दिली. विद्यार्थ्यांना त्याहून सोपे माप म्हणजे कृत्तिकांचे तारे मोजणे. गावाबाहेर सहा-सात दिसतात. शहरात तीन-चार, कधी एकही नाही. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ च्या जानेवारीत भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. काळोखही जतन करावा लागतो, हे त्यावरून ध्यानी यावे.

४) नोंदवही

तारीख, वेळ, ठिकाण, चंद्र, हवा, साधन, काय दिसले व काय दिसले नाही, इतके रकाने पुरेत. ‘दिसले नाही’ हीसुद्धा मोलाची नोंद आहे. ही कामे पदवीवाल्यांचीच असे मुळीच नाही. जेसोर (आता बांगलादेशात) येथील राधागोविंद चंद्र (१८७८–१९७५) हे सरकारी खजिन्यात नाणी पारखण्याचे काम करीत. ते मॅट्रिकही उत्तीर्ण नव्हते. दिवसा नाणी आणि रात्री रूपविकारी तारे पारखून त्यांनी अमेरिकेतील निरीक्षक-संस्थेला ३७ हजारांवर नोंदी पाठवल्या. संस्थेने १९२६ साली त्यांना सहा इंची दुर्बीण पाठवून दिली. आमच्यासारख्या दिवसभर बँकेत आकड्यांच्या वह्या भरणाऱ्यांना या माणसाचा अभिमान वाटतो. अलीकडचे उदाहरण म्हणजे १९ मे २०२३ रोजी जपानचे हौशी निरीक्षक कोइची इतागाकी यांनी सुमारे दोन कोटी प्रकाशवर्षांवरील दीर्घिकेत अतिनवतारा शोधला. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आपल्याकडे हीच हौस जोपासत आहे.

५) आता मुळाकडे

मूळ म्हणजे वृश्चिकाच्या शेपटीचे टोक. मे महिन्यात मध्यरात्रीनंतर ते दक्षिणेला उंच येते. ऑक्टोबराच्या आरंभी तिन्हीसांजेनंतर नैर्ऋत्येला दिसते. त्या नांगीच्या थोडे पूर्वेला द्विनेत्री वळवा. मेसिएच्या यादीतील सहावा व सातवा असे दोन तारकागुच्छ मूठभर हिरकण्या सांडाव्यात तसे दिसतील. सातव्याचा उल्लेख टॉलेमीने दुसऱ्या शतकात केला होता. आज आपल्या डोळ्यांत शिरणारा त्याचा प्रकाश सुमारे एक हजार वर्षांपूर्वी निघालेला आहे. तो कोणाच्या सासऱ्याचा हिशेब कसा ठेवील?

तेथून जवळच, धनु राशीच्या हद्दीत, सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर आपल्या आकाशगंगेचे केंद्र आहे. तेथील कृष्णविवराची प्रतिमा १२ मे २०२२ रोजी जगाने पाहिली. ज्या दिशेला आपण घाबरतो, तिकडे आपल्या आकाशगंगेचा मध्य आहे. योगायोगाने नावही मूळ!

कुंडलीचीही परीक्षा झाली आहे. डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५), डॉ. नरेंद्र दाभोलकर व सहकाऱ्यांनी २००८ साली शंभर हुशार विद्यार्थी आणि विशेष शाळांतील शंभर मुले यांच्या कुंडल्या जमवल्या. २७ ज्योतिष्यांनी प्रत्येकी ४० कुंडल्या पाहून कोणती कोणाची ते सांगितले. नाणे उडवून जितकी उत्तरे बरोबर यावीत, त्याहून त्यांचे यश अधिक नव्हते.

६) आपण काय करावे?

आमच्या मते आपल्या मंडळाने तीन गोष्टी कराव्यात. एक, वाचनालयासाठी एक द्विनेत्री व एक नोंदवही घ्यावी. दोन, ढग नसतील त्या प्रत्येक अमावस्येला विहाराच्या आवारातील दिवे दोन तास मालवावेत. एरवीही त्यांवर झाकणे बसवून उजेड खाली पडेल असे पाहावे. तीन, निरीक्षणाला मुलांइतक्याच मुली, आणि सोबत त्यांच्या मातांनाही आणावे.

ज्या मुलीला कोणी ‘मुळावरची’ म्हणून हिणवले असेल, तिच्याच हाती प्रथम द्विनेत्री द्यावी. तिने मूळ पाहावे, वहीत तारीख घालून नोंद करावी आणि खाली आपली सही करावी. एहिपस्सिको याहून वेगळे काय आहे?

नमो बुद्धाय! जय भीम!