शिकारीच्या रानातील वेडी बाभूळ : दिल्लीच्या रिजवरील अनुभव आणि आपले पडीक

यमुनेच्या पूर्व काठावर मयूर विहार ही वसाहत आहे आणि तिच्या लगतच्या खादरात भाजीपाला पिकविला जातो. नदी ओलांडून पश्चिमेस गेल्यावर अरवलीचे उत्तरेकडील टोक, म्हणजेच दिल्लीचा रिज, लागतो. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलक याच टेकड्यांवर शिकार करीत असे. पीर गैब, मालचा महाल आणि भूली भटियारीचा महाल या वास्तू त्याच्या काळातील शिकारीच्या मुक्कामाच्या जागा मानल्या जातात. त्यांच्याभोवती आज दिसणारे काटेरी रान मात्र त्या काळचे नव्हे.

नवी दिल्ली वसविली जात असताना या खडकाळ टेकड्यांवर विलायती किकर लावण्यात आली. प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा हे तिचे शास्त्रीय नाव. महाराष्ट्रातील शेतकरी तिला वेडी बाभूळ म्हणतात, आणि हे नाव तिच्या वाढीला शोभणारेच आहे. मूळची अमेरिका खंडातील ही वनस्पती मुरमाड, खारवट व कोरड्या जमिनीतही तग धरते, हवेतील नत्र स्थिर करते आणि गरिबाच्या चुलीला सरपण पुरविते. म्हणूनच तिला सरसकट शत्रू ठरविणे योग्य नाही. परंतु तिच्या दाट सावलीत व पालापाचोळ्यात गवत आणि देशी रोपे तग धरत नाहीत. पळस, हिवर, बोर, नेपती यांचे मिश्र रान जाऊन एकाच झाडाचे रान उरते. कच्छमधील बन्नीच्या गवताळ प्रदेशातही 1960च्या दशकातील लागवडीनंतर असेच घडले.

मग सर्व झाडे एकदम तोडावीत काय? रिजपुरते याचे उत्तर नाही असे आहे. वरून तोडलेल्या खोडाच्या बुंध्यातून अनेक फुटवे येतात आणि एका झाडाच्या जागी झुडूप उभे राहते. शिवाय मोर, कोल्हा, नीलगाय यांना सध्या तोच आसरा आहे आणि उघडा पडलेला उतार पहिल्याच पावसात धुपतो. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू आणि जैवविविधता उद्यानांतील त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यामुळे निराळी रीत अवलंबिली. किकरच्या खालच्या व आडव्या फांद्या छाटून केवळ वरचा शेंडा राखावयाचा, जमिनीपर्यंत ऊन पोहोचू द्यावयाचे आणि मोकळ्या झालेल्या जागेत देशी वृक्ष, झुडपे व वेली लावावयाच्या. देशी झाडांचे छत मिटू लागले की उन्हाची गरज असलेल्या किकरची नवी रोपे सावलीत तगत नाहीत. जुनी झाडे त्यानंतर टप्प्याटप्प्याने हटविता येतात. या पद्धतीस वर्षे लागतात, आणि छाटणी एकदा करून सोडून दिल्यास फांद्या पुन्हा माजतात. दिल्लीत वृक्षतोडीस 1994च्या वृक्ष संरक्षण कायद्याचेही बंधन आहे.

शेताच्या बांधावरील किंवा पडीकातील बाभळीसाठी एवढा धीर धरण्याची गरज नसते. तेथे हिशेब वेगळा आहे. कुऱ्हाडीने जमिनीलगत तोडणे म्हणजे पुढील वर्षाचे काम वाढविणे होय. फुटवे देणारे डोळे जमिनीखालील बुडख्यावर असतात. म्हणून सुमारे 30 सें.मी. खोल खणून बुडखा मुळासकट काढावा. पावसाळ्यानंतर जमीन ओलसर असताना हे काम सोपे जाते. रोपे लहान असतानाच उपटली तर खर्च फारच कमी येतो, आणि विस्तार कार्यकर्त्याने शेतकऱ्याच्या मनावर प्रथम हेच ठसवावे. मोकळ्या जागेत त्याच हंगामात गवत किंवा देशी झाडे न लावल्यास ती जागा पुन्हा बाभूळच व्यापते. मोठी झाडे काढण्यापूर्वी स्थानिक वन कार्यालयात परवानगीची चौकशी करावी.

प्रसाराचा मुख्य मार्ग मात्र बहुधा दुर्लक्षितच राहतो. गोड शेंगा गुरे आवडीने खातात, कठीण कवचाचे बी न पचता शेणातून बाहेर पडते आणि तेच शेण शेतात जाते. पिकलेल्या शेंगा झाडाखालून गोळा करून, बियांसह बारीक दळून, इतर खाद्यात मर्यादित प्रमाणात मिसळल्यास चारा मिळतो व बीही नष्ट होते. शेंगा खाल्लेली जनावरे स्वच्छ केलेल्या रानात लगेच सोडू नयेत. काही दिवस त्यांना गोठ्यात बांधावे आणि त्या दिवसांचे ताजे शेण थेट शेतात न टाकता वेगळ्या खड्ड्यात पूर्ण कुजवावे. खड्ड्याच्या कडेला उगवलेली रोपे दोन पानांवर असतानाच उपटावीत.